गाडी उलाळ झाली, राव!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. एरवी या पानावर मी पाऊस, मोहफुलं, जुनी पुस्तकं आणि गावातली माणसं असलं काहीबाही लिहीत असतो, आणि तुम्हीही चहा पिता पिता ते वाचून सोडून देता. आजचं मात्र सोडून द्यायचं नाही. नात्यातल्या मंडळींनी तर मुळीच नाही, कारण ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यातले निदान दोघं आपल्याच घरातले आहेत. नावं सांगत नाही. ज्याची टोपी त्यानं घालावी.

विषय आहे गाडीच्या पार्श्वभागावर टांगलेल्या लोखंडाचा.

तुम्ही पाहिलं असेलच. कुणी नवी फोर बाय फोर घेतं. गाडी चांगली, मजबूत, कंपनीनं विचार करून बनवलेली. पण ती घरी आल्यावर महिनाभरात तिचं बारसं, मुंज आणि लग्न सगळं एकदमच उरकतात. मागचा प्लास्टिकचा बंपर जातो आणि जाड पत्र्याचा येतो. दारावरची स्टेपनी उतरते आणि तिच्यासाठी बंपरवर वेगळा, बिजागरीवर फिरणारा लोखंडी हात बसतो. स्टेपनी स्वतःही आता एक माप मोठी. तिच्या शेजारी जेरीकॅन. एक बरं दिसत नाही म्हणून दोन. मग टपावर चढायला शिडी, एक लांबलचक जॅक, एक फावडं, एक कुऱ्हाड (या जंगलात कुऱ्हाड घेऊन फिरणाऱ्याचं वनखातं काय स्वागत करतं ते एकदा विचारून बघा). आणि या सगळ्याच्या खाली काय? तीच कंपनीची स्प्रिंग, तेच कंपनीचे शॉकअप. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मी हे माझ्या भाच्याला म्हणालो तर तो म्हणतो, "मामाजी, तुम्हाले नाही समजत. हा लुक आहे." लुक आहे हे मला समजतं रे बाबा. माझं म्हणणं एवढंच आहे की लुकलाही वजन असतं, आणि ते वजन कुणाच्या तरी पाठीवर बसतं.

आता एक जुना शब्द सांगतो. आमच्या आजोबांकडे बंडी होती. (पुण्याच्या वाचकांसाठी: बंडी म्हणजे बैलगाडी, अंगात घालायची नव्हे.) कापूस भरून वरोऱ्याच्या बाजाराला न्यायची असली की सालदार बंडी भरायचा, आणि भरताना दर थोड्या वेळानं पुढे येऊन जू हातानं उचलून बघायचा. जू हलकं लागलं तर मागचा बोजा पुढे सरकवायचा, फार जड लागलं तर पुढचा मागे. मागे बोजा जास्त झालेल्या गाडीला मराठीत शब्द आहे 'उलाळ'. आमच्याकडे कुणी 'उलार'ही म्हणतात. आणि पुढे जास्त झालेली ती धुरजड. उलाळ बंडीचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालची जोती आवळते. बिचाऱ्यांचे पाय जमिनीला धड टेकत नाहीत, ओढायचं कसं? धुरजड बंडीत मान मोडते. म्हणून बोजा आसावर तोलून भरायचा. हे शिकवायला कुणी इंजिनिअर आला नव्हता. बैल हाच शिक्षक. चूक झाली की तो चालायचा थांबायचा.

गाडीला बैल नाही हीच खरी पंचाईत. इंजिन तक्रार करत नाही. पाय दाबला की गाडी पळते. आणि म्हणून, ज्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत शेकडो वर्षांपासून चपखल शब्द आहे ती गोष्ट लाखो रुपये घालून आपण हौसेनं करून घेतो आणि वर तिचे फोटो काढतो.

बरं, नुसतं टोमणे मारून भागणार नाही. हिशोब करू. घाबरू नका, सातवीचं गणित आहे.

आधी वजन. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा, १ चौरस मीटर पत्रा घेतला तर त्याचं वजन पावणेआठ किलोच्या थोडं वर भरतं. बंपरसाठी ४ मिलिमीटरचा पत्रा घेतला आणि वळवून-बिळवून तो पाऊण ते एक चौरस मीटर लागला, तर नुसत्या पत्र्याचेच पंचवीस-तीस किलो झाले. त्यात आतले पाईप, ब्रॅकेट, नटबोल्ट. स्टेपनीचा फिरता हात आणि त्याची बिजागरी दहा-बारा किलो. वीस लिटर पाण्याचा जेरीकॅन म्हणजे वीस किलो पाणी अधिक डबा. तो लांबलचक जॅक बारा-तेरा किलो. सगळ्याची बेरीज केली तर ऐंशीच्या घरात जाते. पण मी भाच्याच्या बाजूनं झुकतं माप देतो. जुना बंपर काढला त्याचं वजन वजा करू, एक जेरीकॅन रिकामाच आहे असं धरू. ६० किलो. ठीक?

आता हे ६० किलो कुठे टांगले? मागच्या आसाच्याही मागे. समजा मागच्या चाकाच्या मध्यापासून ८०० मिलिमीटर मागे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २५९० मिलिमीटर धरू, मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचं तेवढं आहे. मागचं चाक हा टेकू, आणि गाडी म्हणजे बागेतली सी-सॉ. मागे ६० किलो बसले की पुढचं टोक उचललं जाणारच. किती? ६० गुणिले ८०० भागिले २५९०, म्हणजे साडेअठरा किलो. पुढच्या चाकांवरचं वजन साडेअठरा किलोंनी घटलं. आणि जे पुढून गेलं ते कुठे गेलं? मागेच. म्हणजे मागच्या आसावर ६० नव्हे, साडेअठ्ठ्याहत्तर किलो आले. तुम्ही पैसे दिले साठचे आणि स्प्रिंगला भरावे लागतात अठ्ठ्याहत्तरचे. सावकारी दुसरी काय असते?

तुम्ही म्हणाल, अठ्ठ्याहत्तर किलो म्हणजे एक माणूस. मागे एक माणूस बसला तर गाडी मोडते का? नाही मोडत. पण माणूस उतरतो. बंपर उतरत नाही. तो रात्रंदिवस, बाजाराला जाताना, लग्नाला जाताना, नुसतं पोराला शाळेत सोडायला जातानाही स्प्रिंगच्या मानगुटीवर बसलेला असतो. आणि माणसं तर वेगळी बसायचीच आहेत!

इथे दुसरा आकडा येतो, जो कुणी वाचत नाही. गाडीचं स्वतःचं वजन आणि गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन, यातला फरक. जिम्नीचंच उदाहरण घेऊ, कारण आकडे जाहीर आहेत. रिकाम्या गाडीचं वजन १२१० किलोपर्यंत, आणि एकूण मर्यादा १५४५. फरक ३३५ किलो. एवढ्यात माणसं, सामान आणि वरून बसवलेलं सगळं आलं. चार मोठी माणसं, प्रत्येकी ७० किलो, झाले २८०. (आमच्या खानदानात ७० हा आकडा आशावादी आहे, पण असो.) उरले ५५. आणि मागे टांगलेलं लोखंड ६०. म्हणजे बॅग ठेवायच्या आधीच, डबा भरायच्या आधीच, गाडी मर्यादेबाहेर गेली. गाडीत यात काही खोट नाही. ती हलकी आहे म्हणून तर चिखलातून निघते! हलकेपणा हाच तिचा गुण, आणि आपण घरी आणून पहिल्यांदा त्याचाच गळा दाबतो.

भाचा म्हणतो, "पण गाडी खाली दबली तं आपण मागून उचलून घेऊ नं. स्पेसर टाकला का झालं." इथे मात्र माझी खरीच सटकते. स्पेसर म्हणजे काय? स्प्रिंगच्या वर किंवा खाली ठेवलेला ठोकळा. घराची तुळई वाकली म्हणून छपरावर दोन कौलं जास्त ठेवली तर तुळई सरळ होते का? ठोकळ्यानं उंची वाढते, ताकद नाही. स्प्रिंग तेवढीच दबलेली राहते, तिच्यावर भार तेवढाच राहतो. फक्त बाहेरून बघणाऱ्याला गाडी सपाट दिसते. म्हणजे दुखणं होतं ते गेलं नाही, दुखणं दिसायचं तेवढं गेलं. आणि दुखणं दिसत असतं तोवरच माणूस डॉक्टरकडे जातो.

पाट्यांच्या गाड्यांत, म्हणजे कमानीच्या स्प्रिंगा असलेल्यांत, एक पाटा वाढवतात. ते ठोकळ्यापेक्षा बरं, निदान खरी ताकद तरी वाढते. पण मग लोखंड उतरवलं, गाडी रिकामी चालवली, की मागचा भाग उखळात मुसळ पडल्यासारखा आदळतो. आणि शॉकअप तेच जुने! स्प्रिंग भार पेलते आणि शॉकअप तिचं उसळणं आवरतो, या दोघांची जोडी जमवलेली असते. एकाला बदललं आणि दुसऱ्याला तसंच ठेवलं की शॉकअप तापतो, त्यातलं तेल थकतं, आणि पन्नास-साठ किलोमीटर खराब रस्ता झाला की गाडी डोलायला लागते. मग लोक म्हणतात कंपनीचे शॉकअप तकलादू. अरे, त्यांनी नोकरी धरली तेव्हा कामाचे तास वेगळे ठरले होते!

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथवरचं सगळं गाडीवाल्याच्या खिशाचं झालं, आणि ज्यानं त्यानं आपला खिसा फाडावा, मला काय. माझं भांडण खरं इथून पुढे सुरू होतं.

मागे अठ्ठ्याहत्तर किलो वाढले, पुढून साडेअठरा कमी झाले. समजा दोन्ही आसांवरच्या स्प्रिंगांच्या जोड्या प्रत्येक मिलिमीटर दबायला पाच किलो मागतात. मागची बाजू सोळाएक मिलिमीटर खाली गेली, पुढची चारएक वर आली. एकूण वीस. एवढं डोळ्याला दिसतही नाही. पण २५९० मिलिमीटरांत २० म्हणजे पाऊण टक्क्याच्या वर झालं. आणि गाडीचा डिपर, म्हणजे खालचा प्रकाश, साधारणतः किती खाली झुकवलेला असतो? एक टक्का. म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. त्यातलं तीन चतुर्थांश झुकणं तुमच्या बंपरनं खाऊन टाकलं. मागे दोन माणसं आणि सामान घातलं की उरलेलंही संपलं. डिपरवर असूनही तुमचा प्रकाश समोरच्याच्या थेट डोळ्यांत. गाडीत दिवे खालीवर करायचं एक छोटं चाक असतं, ते याचसाठी असतं. ते शून्यावरून हलवलेला एक तरी हौशी मला दाखवा, मी त्याला मोहर्लीला स्वखर्चानं चहा पाजतो.

आता हा समोरचा कोण? भद्रावतीहून मोहर्लीकडे जाणारा रस्ता रात्री आठवा. मध्ये दुभाजक नाही, कडेला दिवे नाहीत. समोरून येणारा असतो कुणीतरी मोटरसायकलवाला, मागे बायको, मध्ये पोर. किंवा सायकलवरून घरी जाणारा म्हातारा. किंवा कडेनं चालणारी गुरं आणि त्यांच्यामागे गुराखी. तो क्षणभर आंधळा होतो. त्याला कडेचा दगड दिसत नाही, खड्डा दिसत नाही, आणि या भागात आणखी काय काय कडेला बसलेलं असू शकतं ते मी सांगायला नको. त्याच्या डोळ्यांपुढची ती आंधळी दोन-तीन सेकंदं तुमच्या शिडीची आणि जेरीकॅनची किंमत आहे. तुम्ही दुकानात भरली नाहीत, तो रस्त्यावर भरतोय.

आणि ब्रेक? जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढची चाकं करतात. सुकाणूही त्यांच्याच हातात. त्याच चाकांवरचं वजन आपण कमी केलं. मागे लोंबणारं वजन वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकायला बघतं. दोरीला दगड बांधून फिरवलाय ना लहानपणी? दोरी जितकी लांब तितका तो आवरायला कठीण. वरोरा-भद्रावती-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत ओव्हरटेक करताना अचानक पाऊस आला, सांडलेल्या कोळशाच्या भुकटीचा राड झाला, आणि तुम्हाला झटक्यात आत यावं लागलं, की मग कळतं कोण कुणाला चालवतंय.

गंमत बघा. याच कोळशाच्या ट्रकांना आपण सगळे शिव्या घालतो. ओव्हरलोड भरतात, रस्ते फोडतात, माणसं मारतात. बरोबरच आहे. पण ट्रकच्या बाबतीत निदान आसागणिक वजनाची मर्यादा ठरलेली आहे (२०१८ साली ती वाढवली तेव्हाही ती आसागणिकच मोजली), काटे आहेत, पावत्या आहेत, दंड आहेत. तुमच्या गाडीचा मागचा आस आयुष्यात एकदा तरी काट्यावर गेलाय का? कोळसेवाला पैशासाठी जादा भरतो. तुम्ही कशासाठी भरता? फोटोसाठी. आता मला सांगा, जास्त लाज कुणी वाटून घ्यावी?

समोरची बाजूही ऐकून घेतो. तीन मुद्दे नेहमी येतात.

पहिला: "जीपच्या मागे तर दुसऱ्या महायुद्धापासून स्टेपनी आणि जेरीकॅन आहे." आहे ना! पण त्या जीपचं अमेरिकन लष्करातलं सरकारी नावच 'पाव टनाचा ट्रक' असं होतं. नाव द्यायच्या आधी त्यांनी वजन ठरवलं होतं. स्टेपनी नकाशावर काढूनच गाडी बनली. आपल्या लष्करातही तेच. जिप्सी ज्या वर्गातली गाडी होती तो ५०० किलोंचा. पुढे जास्त क्षमता हवी झाली तेव्हा त्यांनी जिप्सीला आणखी दोन हुक ठोकले नाहीत. ८०० किलोंचा नवा वर्ग ठरवला आणि त्यासाठी वेगळी गाडी निवडली, टाटाची सफारी स्टॉर्म. आमच्या गावात आयुध निर्माणी आहे, निम्म्या घरांत कुणी ना कुणी तिथून निवृत्त झालेलं आहे. त्यांना विचारा, लष्करात 'जरा टांगून बघू, काय होतंय' असं चालतं का.

दुसरा: "ऑस्ट्रेलियात बघा, लोक याच्या चौपट सामान लादून वाळवंट ओलांडतात." ओलांडतात. पण तिथे वाढीव भारासाठी आधी मान्यताप्राप्त स्प्रिंगा आणि शॉकअप बसवून, तपासणी करून, गाडीची वजनमर्यादाच कागदोपत्री वाढवून घ्यायची सोय आहे. आपण त्यांचा बंपर बघितला, त्याखालची स्प्रिंग बघितली नाही, आणि कागद तर नाहीच नाही. नवरदेवाचा फेटा बघून घोडा विकत घेतल्यासारखं झालं हे.

तिसरा: "ताडोब्यातल्या जिप्सी बघा, सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर घेऊन रोज दोनदा जंगलात जातात." जातात, आणि म्हणूनच त्यांच्याकडून शिका म्हणतो मी. जिप्सीला पुढेमागे दोन्हीकडे पाट्यांच्या स्प्रिंगा. सामान्य गिऱ्हाइकांसाठी ती बनायची थांबून काही वर्षं झाली, तरी या गाड्या चालतात, कारण ज्याचं पोट गाडीवर आहे तो आधी कमानीखाली वाकून बघतो. पाटा चिरला का, यू-बोल्ट सैल झाला का, शॅकलचं बुश गेलं का. आणि मुख्य म्हणजे तिचा बोजा दोन आसांच्या मध्ये आणि फार तर मागच्या आसाच्या आसपास बसतो, बाहेर लोंबत नाही. तो संध्याकाळी उतरतो. आत गाडी हळू चालते. तुम्ही यातलं एकही न करता त्यांचा दाखला देता.

आणि खरी गरज कुणाला आहे, हेही एकदा बोलून टाकू. भामरागडकडे जा. पर्लकोटेला पूर आला की तिकडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तर धड रस्ताही नव्हता. त्या भागात आजही शिक्षक, नर्सबाई, औषधं नेणारी माणसं साध्या मोटरसायकलवर आणि जुन्या बोलेरोत रपटे ओलांडतात. त्यांना जर कुणी म्हणालं की मागे पाण्याची आणि इंधनाची सोय हवी, तर मी स्वतः वेल्डिंगचे पैसे देईन. पण आपल्या हौशी मंडळींचा सगळ्यात अवघड प्रवास कुठला? चंद्रपूरच्या मॉलची पार्किंगची रॅम्प. दोन जेरीकॅन घेऊन हे निघतात आणि दर पंधरा किलोमीटरवर लागणाऱ्या पंपाला टाटा करत जातात.

कायद्याचं फार बोलणार नाही, पण माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं क्रॅश गार्ड आणि बुल-बारविरुद्ध कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द पुन्हा वाचा आणि आपल्या गाडीमागे जाऊन मोजा. अपघात झाला तर विमावाल्यांना मोजून दाखवायची गरज पडणार नाही, ते आपणहून मोजतील.

पण पोलीस पकडतात म्हणून सोडा असं मी म्हणत नाही. पोलीस नाही पकडत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. वजन मात्र पकडतं. त्याला चिरीमिरी चालत नाही.

मग करायचं काय? मी काही सगळं तोडून भंगारात घाला असं म्हणणारा माणूस नाही. साध्या चार गोष्टी.

एक. काटा करा. आपल्या भागात हे इतकं सोपं आहे की न करण्याला सबब नाही. कोळशामुळे जागोजागी धर्मकाटे आहेत. गाडी नेहमीच्या माणसांसकट आणि सामानासकट घेऊन जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. तीन आकड्यांची पावती घ्या. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलो इकडचे तिकडे होतात, होऊ द्या. मग ती पावती गाडीच्या मर्यादेशी ताडून बघा.

दोन. जड ते आत आणि खाली. पाण्याचा डबा मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, जमिनीवर, पट्ट्यानं बांधून ठेवा. तोच डबा, तेच पाणी, पण आसाच्या मागे लोंबत नाही. सालदार जे बोजा पुढे सरकवून करत होता तेच.

तीन. दिवे. भिंतीसमोर दहा मीटरवर रिकामी गाडी उभी करा, उजेडाची वरची कड खडूनं आखा. मग भरलेली उभी करा. कड वर सरकली असेल तर ते छोटं चाक फिरवा. फिरवूनही खाली येत नसेल तर भार उतरवा. फुकट काम आहे आणि कुणाचा तरी जीव वाचतो.

चार. खरंच गरज असेल, खरंच दूरवर जायचं असेल, तर आधी स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी, भाराचा आकडा सांगून, नियमात बसेल अशी, जाणत्याकडून. मग बंपर. आपल्याकडे उलटं चालतं. आधी वरात निघते, मग मुलगी बघायची. भाच्याला नागपूरच्या ज्या दुकानानं हे सगळं बसवून दिलं, तिथे 'मागच्या आसावर आता किती किलो येतात?' एवढा एकच प्रश्न मी फोनवर विचारला. पलीकडून उत्तर आलं, "काही नाही होत काकाजी, सगळेच बसवतात." ज्याला किलो विचारले तर 'सगळेच' असं उत्तर येतं, त्या दुकानात शिडी काय, नट सुद्धा घेऊ नये.

असो. लांबलं. कुणाला राग आला असेल तर येऊ द्या, दिवाळीला घरी या, चिवडा खात भांडू. पण येताना काट्याची पावती घेऊन या. पावती नसेल तर माझ्याशी वाद घालायचा नाही. वादालाही शेवटी आधी वजन लागतं.